घाटावरचा कॅम्प, घाटाखालची माणसं

ली-एनफिल्ड रायफलीच्या दस्त्याच्या टोकाला पितळी पट्टी असते आणि त्या पट्टीत एक छोटं झाकण असतं. नखाने उचकटलं की आत पोकळी दिसते. तिच्यात तेलाची चिमुकली बाटली आणि गुंडाळून ठेवलेली एक दोरी. दोरीच्या एका टोकाला लांबट पितळी वजन, दुसऱ्या टोकाकडे फासे. वजन नळीत मागच्या बाजूने सोडायचं, फाशात चार इंच लांब आणि दोन इंच रुंद अशी कापडाची चिंधी अडकवायची आणि नळीच्या तोंडाकडून एका दमात दोरी ओढून काढायची. पहिली चिंधी काळी येते. दुसरी थोडी कमी काळी. पांढरी येईपर्यंत हे चालतं आणि मग शेवटची तेलात बुडवलेली. दोरीला फौजेत ‘पुलथ्रू’ म्हणत. चिंधीला मात्र चिंधीच म्हणत.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बेळगावच्या कॅम्पात आलेल्या कोकणी पोराने शत्रू पाहण्याच्या कितीतरी आधी ही चिंधी पाहिली. बेळगावचा पाऊस घाटमाथ्यावरचा. जूनमध्ये सुरू झाला की हवा ओलसर राहते, अंथरूण दमट राहतं आणि लोखंडावर एका रात्रीत तांबूस बुरा चढतो. उस्ताद सकाळी रायफल आडवी धरून नळीतून आभाळाकडे बघणार, आणि आत एखादा जरी ठिपका दिसला तरी पोराची धडगत नाही. अशा पावसाळ्यात तयार झालेल्या हातांची ही गोष्ट आहे. ते हात पुढे मणिपूरला गेले, इटलीला गेले आणि सगळ्यात शेवटी घाट उतरून डिचोलीत आले. ती डिचोली आपल्या ओळखीची म्हणून मला ही गोष्ट सांगायची आहे.

नकाशा डोळ्यापुढे आणा. पेडण्याच्या उत्तरेला तेरेखोल नदी आणि तिच्यापलीकडे सावंतवाडी. डिचोलीच्या उत्तरेला दोडामार्ग. दोडामार्गाच्या मागे सह्याद्रीची भिंत, आणि त्या भिंतीवर रामघाटाच्या जुन्या वाटेने चढून गेलं की बेळगाव. पेडणे आणि डिचोली हे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांकडे होते. पोर्तुगीजांच्या हातात ते उशिरा गेले, म्हणून त्यांना ‘नव्या काबिजादी’ म्हणतात. राज्य बदललं तरी सोयरिकी बदलल्या नाहीत. सासर सरहद्दीच्या एका बाजूला, माहेर दुसऱ्या बाजूला, दशावतार दोन्हीकडे आणि बाजारही दोन्हीकडे. १९३९ साली युद्ध पेटलं तेव्हा मात्र या दोन बाजूंचं नशीब वेगळं झालं. सावंतवाडी संस्थान इंग्रजांच्या छत्राखाली होतं, म्हणून ते लढाईत होतं. गोवा पोर्तुगालचा, आणि पोर्तुगाल तटस्थ. मार्च १९४३ मध्ये मुरगाव बंदरातल्या ‘एरेनफेल्स’ या जर्मन जहाजावर कलकत्त्याहून आलेल्या इंग्रजांनी रात्री छापा घातला तो प्रसंग सोडला, तर गोव्याच्या भूमीवर ते महायुद्ध फारसं उतरलंच नाही.

गोव्यात मराठा पोरांना लढाईसाठी तयार करणारा कॅम्प का नव्हता, याला तटस्थतेपेक्षा जुनं कारण आहे. पोर्तुगीजांना इथल्या शिपायांची भीती वाटत होती. १८७१ साली वळवई इथे फौजेत बंड झालं आणि सरकारने गोव्याचं देशी सैन्यच मोडीत काढलं. तरीही जे मराठा शिपाई नोकरीत होते त्यांना १८९५ साली मोझांबिकच्या लढाईवर जायचा हुकूम सुटला. घरदार सोडून समुद्रापार, कुणा परक्याच्या राज्यासाठी मरायला जायला त्यांनी नकार दिला. हत्यारांसकट ते बाहेर पडले आणि सत्तरीतल्या नाणूसच्या किल्ल्याकडे गेले. तिथले दादा राणे त्यांना मिळाले आणि बंड पेटलं. ते शमवायला लिस्बनहून राजपुत्र अफोन्सो फौज घेऊन आला. ज्याच्या हातात बंदूक दिली तोच ती उलटी धरतो हे एकदा पाहिल्यावर पोर्तुगीजांनी गोव्याची राखण पाखल्यांवर, म्हणजे गोऱ्या पोर्तुगीज शिपायांवर, आणि आफ्रिकेतून आणलेल्या शिपायांवर सोपवली. अगदी १९६१ सालीसुद्धा गोव्यातल्या सुमारे चार हजार पोर्तुगीज सैन्यात स्थानिक शिपाई आठशेच्या आसपास होते, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना लढाईचं धड शिक्षण नव्हतं.

सरहद्दीच्या पलीकडे नेमकं उलटं चाललं होतं. १९३९ साली हिंदी सैन्य दोन लाखांच्या घरात होतं. १९४५ साली ते पंचवीस लाखांवर गेलं, आणि त्यात सक्तीने भरती केलेला एकही शिपाई नव्हता. एवढी माणसं कुठून तरी यायची आणि कुठे तरी घडायची होती. मराठ्यांसाठी ती जागा होती बेळगाव. पहिल्या महायुद्धानंतर जुन्या मराठा पलटणी एकत्र करून ‘फिफ्थ मराठा लाइट इन्फन्ट्री’ झाली. त्यांतली एकशे चौदावी पलटण, जिने ऑक्टोबर १९१८ मध्ये मेसोपोटेमियातल्या शरकतला मोठा पराक्रम केला होता, ती रंगरूट घडवणारी पलटण म्हणून बेळगावात बसली. लढाईत नाव कमावलेल्या पलटणीला शिकवण्याचं काम द्यावं, हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो.

पोरगं यायचं ते भरतीवाल्याबरोबर, नाहीतर रजेवर आलेल्या गाववाल्या हवालदाराचं बोट धरून. उंची, छाती, दात, डोळे, पायाचे तळवे बघितले जात. तळवा सपाट असला की परत पाठवणी. वय विचारलं तर बहुतेकांना नेमकं माहीत नसे. कुणी मोठ्या पुराच्या साली जन्मलेला, कुणी प्लेगाच्या. कारकून अंदाजाने अठरा लिहायचा. मग डोक्यावर वस्तरा, अंगावर खाकी आणि पायात नाळ मारलेले बूट. हा बूट म्हणजे पहिली लढाई. जन्मभर अनवाणी किंवा वहाणांत चाललेला पाय पंजाशी रुंद झालेला असतो, बोटं पसरलेली असतात. त्या पायाला जाड चामड्याच्या साच्यात कोंबायचं आणि त्याने परेड करायची. पहिल्या पंधरवड्यात टाचा सोलून निघायच्या. घोट्यावर कापडी पट्ट्या गुंडाळायच्या असत. इंग्रज त्यांना ‘पटी’ म्हणत. हा शब्द आपल्याच ‘पट्टी’चा. आपल्या शब्दाने आपलाच पाय बांधायला विलायतेची फौज शिकवायची.

त्यातून ही लाइट इन्फन्ट्री. साधी पायदळ पलटण मिनिटाला एकशेवीस पावलं टाकते. लाइट इन्फन्ट्रीचा वेग एकशेचाळीस. ऐकायला हा फरक वीसच पावलांचा आहे. पण घड्याळ लावून चालून बघा. एकशेवीसला माणूस चालतो, एकशेचाळीसला त्याला क्षणभरही विसावा मिळत नाही, पळायचंही नाही आणि चालायचंही नाही अशा बेतात देह धरून ठेवावा लागतो. रायफलही खांद्यावर न ठेवता हातात, जमिनीला समांतर धरायची. शेकडो पोरं असा वेग एका ठेक्यात धरायला शिकली की त्यांचं ‘मी’पण कुठे तरी विरघळतं. कॅम्पाला तेच हवं असतं.

भाषेचाही असाच गोंधळ असे, आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं गेलंय. परेडचे हुकूम इंग्रजीत. समजावणी हिंदुस्तानीत, आणि ती हिंदुस्तानी लिहायला शिकायची रोमन लिपीत, कारण फौजेने सगळ्या हिंदी पलटणींसाठी तीच लिपी ठरवली होती. बॅरेकीत रात्री दिवे मालवल्यावर मात्र मालवणी, वाडीकडची बोली, साताऱ्याची, कोल्हापूरची. ज्या पोराला ‘श्री’ पलीकडे सही येत नव्हती त्याने पहिल्यांदा लिहिलेलं स्वतःचं नाव इंग्रजी अक्षरांतलं असायचं. घरी पाठवायचं पोस्टकार्ड मात्र मराठीतच जायचं, लिहिता येणाऱ्या सोबत्याकडून. चार ओळी, त्यांतल्या दोन खुशालीच्या.

खाण्याचं सांगायलाच हवं. कोकणातला माणूस भातावर वाढलेला. लंगरात आठवड्यात बरेचदा चपाती आणि डाळ. सुरुवातीला पोटं बिघडायची, पोरं कुरकुरायची. पण दोन वेळा पोटभर अन्न ही गोष्टच कित्येकांसाठी नवी होती. युद्धाच्या काळात भरती झालेल्या गरीब घरच्या रंगरुटांची वजनं कॅम्पात चार महिन्यांत वाढल्याचं फौजेच्या डॉक्टरांनी टिपलं होतं. शिपायाचा मूळ पगार महिन्याला अठरा रुपयांच्या आसपास. त्यातली मनीऑर्डर ज्या घरात येई तिथे ती मीठमिरचीपासून मुलीच्या लग्नापर्यंत पुरवून वापरली जाई. शूर जात म्हणून ही पोरं भरती झाली असं साहेबांच्या पुस्तकांत असतं. मला वाटतं, पोट हे कारण त्यापेक्षा मोठं होतं, आणि ते सांगितल्याने त्यांच्या शौर्याला काडीचाही बट्टा लागत नाही.

त्या शूर जातींच्या हिशेबाने आणखी एक मोठा अन्याय केला होता, आणि त्याचं परिमार्जनही बेळगावातच सुरू झालं. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत महार शिपाई पिढ्यान्‌पिढ्या होते. १८९२च्या सुमाराला इंग्रजांनी त्यांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली ‘हंड्रेड इलेव्हन्थ महार्स’ ही पलटण उभारली आणि गरज संपल्यावर मोडूनही टाकली. सुभेदार रामजी सकपाळांचा मुलगा हे विसरणं शक्य नव्हतं. १९४१ साली व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले तेव्हा त्यांनी हा प्रश्न लावून धरला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली ती बेळगावात. तिच्या टोपीवरच्या पहिल्या बिल्ल्यावर भीमा कोरेगावचा स्तंभ होता. गावच्या पाणवठ्यावर ज्याला हात लावू देत नव्हते त्याच्या हातात त्या ऑक्टोबरात सरकारी रायफल आली, आणि दस्त्यातल्या झाकणाआड तीच तेलाची बाटली आणि तीच दोरी. बेळगावच्या कॅम्पाच्या इतिहासात मला सगळ्यात मोलाची तारीख हीच वाटते.

युद्ध वाढत गेलं तशी घाई वाढली. १९४२ साली जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला आणि मलायात, सिंगापुरात हजारो हिंदी शिपाई कैद झाले. फौजेला उशिरा कळलं की मैदानात शिकवलेलं जंगलात उपयोगी पडत नाही. १९४३पासून छिंदवाडा आणि सहारनपूर इथे दोन डिव्हिजन केवळ जंगलयुद्ध शिकवायला बसवल्या. आपल्या रेजिमेंटच्या केंद्रातून निघालेला रंगरूट तिथे आणखी दोन महिने काढायचा आणि मगच आघाडीवर. तिथे शिकवत ते ऐकायला साधं असे: रात्री आवाज न करता चालणं, झऱ्याचं पाणी बाटलीत गोळी टाकूनच पिणं, मलेरियाची पिवळी मेपाक्रिन रांगेत उभं राहून गिळणं, आणि थांबलं की लगेच खड्डा खणणं. खड्डा खणायचा तो कंटाळा येईपर्यंत, आणि नंतरही.

त्या खड्ड्याची गोष्ट २२ मार्च १९४४ला खरी झाली. मणिपुरातल्या सांगशाक गावच्या टेकडीवर पन्नासावी पॅराशूट ब्रिगेड जपान्यांच्या वाटेत उभी होती, आणि तिच्या मदतीला मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण. खणायला घेतलं तर तीन फुटांवर कातळ. आणखी खाली जाताच येईना. पाणी कमी, विमानातून टाकलेलं सामान बरंचसं शत्रूच्या हद्दीत पडणारं. त्या उथळ चरांतून पोरांनी चार दिवस जपान्यांना रोखलं आणि २६च्या रात्री हुकूम आल्यावर अंधारातून वाट काढून बाहेर पडली. इंफाळ आणि कोहिमाच्या बचावाला जे दिवस हवे होते ते या टेकडीने दिले, असं त्या लढाईचे अभ्यासक मानतात. बेळगावात रोज ‘कशाला खणायचं’ म्हणून चरफडणारी पोरं तिथे होती.

त्याच वर्षी १० जुलैला इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात तिसऱ्या पलटणीचा नाईक यशवंत घाडगे आपल्या तुकडीत एकटाच उरला. कुलाबा जिल्ह्यातल्या माणगावकडचा हा बावीस वर्षांचा तरुण. समोरची मशीनगन त्याने हातबॉम्बने गप्प केली. एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने लोळवलं. लपलेल्या नेमबाजांनी त्याला तिथेच मारलं. पुढच्या वर्षी ९ एप्रिलला सेनियो नदीवर पहिल्या पलटणीचा शिपाई नामदेव जाधव सुरुंगांतून आणि पाण्यातून जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन आला, परत गेला, मशीनगनच्या चौक्या मोडल्या आणि बांधावर उभा राहून शिवाजी महाराजांच्या नावाने जयघोष करत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अशा क्षणी माणूस विचार करत नसतो. हात जे शिकलेले असतात ते करतात आणि विचार मागून येतो. कॅम्पात महिनोन्‌महिने चाललेली एकसुरी कवायत या एका गोष्टीसाठी असते, आणि ती सोसणाऱ्याला हे त्या वेळी कुणी पटवून देऊ शकत नाही.

युद्ध संपलं. पलटणी आटल्या, माणसं पोत्यात बूट घालून गावी परतली. १९४७ आलं. १९५२ साली तिसरी पलटण, म्हणजे घाडग्यांचीच पलटण, पॅराशूट रेजिमेंटमध्ये जाऊन ‘सेकंड पॅरा (मराठा)’ झाली. १९४३ साली अठराव्या वर्षी भरती झालेला शिपाई १९६१ साली छत्तिशीत होता. फौजेत टिकला असेल तर एव्हाना हवालदार किंवा सुभेदार, आणि नव्या पोरांच्या रायफलींच्या नळ्यांतून आभाळाकडे बघणारा उस्ताद.

डिसेंबर १९६१. घाटावर बेळगावच्या आसपास सतरावी डिव्हिजन मेजर जनरल कँडेथ यांच्या हाताखाली गोळा झाली. सावंतवाडीच्या बाजूला आली ब्रिगेडिअर सगत सिंग यांची पन्नासावी पॅराशूट ब्रिगेड, सांगशाकला उभी होती तीच. तिच्यात सेकंड पॅरा. १७ डिसेंबरला सकाळी पावणेदहाच्या सुमाराला डिचोली तालुक्यातल्या मावळिंग्यावर पहिला हल्ला झाला आणि दोन पोर्तुगीज शिपाई मारले गेले. गोव्याच्या मुक्तीची लढाई पहिल्यांदा पेटली ती पणजीत नव्हे, मडगावात नव्हे, या सरहद्दीवरच्या खेड्यात. १८च्या पहाटे तोफा सुरू झाल्या. पावणेपाचच्या आत पोर्तुगीजांनी डिचोलीचा पूल उडवला, आणि पाठोपाठ अस्नोड्याचा आणि कोलवाळचा. कोलवाळचा पूल गेला आणि पेडणे बारदेशापासून तुटलं. पण पूल उडवून लाइट इन्फन्ट्रीच्या मुशीतली पायदळ पलटण थांबत नाही. ती नदीत उतरते.

पूर्वेकडची तुकडी म्हणून सेकंड पॅरा फोंड्याच्या दिशेने निघाली. तिच्या पश्चिमेला थिवीच्या आणि बाणस्तारीच्या रस्त्यांनी बाकीच्या पलटणी. १९ तारखेला सकाळी पणजीत शिरताना सगत सिंगांनी आपल्या लोकांना लोखंडी टोप काढून मरून रंगाच्या बेरे टोप्या घालायला सांगितलं. आपण चालून आलेले शत्रू नाही, हे गोमंतकीयांना डोक्यावरूनच कळावं म्हणून असेल. त्याच रात्री गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी शरणागती दिली.

दादा राणे ज्यांना मिळाले त्या शिपायांच्या नातवंडांपुढून, पोर्तुगीज ज्यांना हत्यार द्यायला भ्याले त्यांच्याच सोयऱ्यांच्या पलटणीचे जवान त्या दोन दिवसांत मराठी बोलत गेले. भारतीय पायदळाच्या हातात त्या साली अजून ली-एनफिल्डच होती. नवी रायफल आली ती चीनच्या युद्धानंतर. डिसेंबरात डिचोलीचे कच्चे रस्ते कोरडे ठणठणीत असतात आणि ट्रकांमागून लाल धुळीचा लोट उठतो, खाणीच्या मुलखातली ती धूळ कशातही शिरते. लढाई थांबली तरी हत्यार साफ करून ठेवल्याशिवाय फौजेत कुणी झोपत नाही. १९च्या रात्री फोंड्याच्या आसपास कुठे तरी दस्त्याचं झाकण उघडलं गेलं असणार, दोरी नळीत सोडली गेली असणार, आणि पहिली चिंधी तांबडी आली असणार.